विषय: चंद्र खाली आल्याबाबत

चंद्र पृथ्वीवर पडला तर तू काय करशील, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसाने विचारला, आणि तोही खोली भाड्याने देण्याआधी.

मला नोकरी लागून तेव्हा वर्ष झालं होतं. खाडीकाठच्या गावांच्या जमिनी घ्यायच्या, त्यांवर मातीचा भराव टाकायचा आणि त्या भरावावर नवं शहर वसवायचं, अशी धामधूम चालू होती. त्या धामधुमीतल्या एका तात्पुरत्या, पत्र्याच्या ऑफिसात मी आवक-जावक कारकून होतो. आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा, सही करून पोच द्यायची आणि अर्ज आत ढकलायचा, एवढंच काम. वाशीला एका मित्राच्या खोलीत तिसरा म्हणून पथारी टाकत होतो. मित्राचं लग्न ठरलं आणि माझी पथारी उचलली गेली. तेव्हा कुणीतरी सांगितलं, खाडीकडच्या गावात एक म्हातारा खोली देतो, पण फार चक्रम आहे. आता जुईनगरचं स्टेशन आहे तिथून ते गाव चालत वीस मिनिटांवर. तेव्हा स्टेशन नव्हतं आणि वीस मिनिटंही नव्हती. चिखल होता.

मी गेलो तेव्हा म्हातारा ओटीवर जाळं विणत बसला होता. कमरेला चौकड्याचा रुमाल, अंगात बंडी, कानावर बिडी. मी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं. ऑफिसचं नाव ऐकून त्याचा हात थांबला. मला खालपासून वरपर्यंत पाहून तो म्हणाला, "चांद परला तं तू काय करशील?"

मी वर पाहिलं. भर दुपार होती. "चंद्र पडला तर?"

"हां. खाली यावाला लागला. तवा?"

माझ्या आधी तिघे या परीक्षेत नापास झाले होते, हे मला नंतर कळलं. एकजण म्हणाला, पळून जाईन. "कुटं? चांदावं?" असं विचारून म्हाताऱ्याने त्याला घालवलं. दुसरा म्हणाला, सगळे मरतील तसा मीही मरेन. "जो मरावाला तयार हाय तो खोलीचा दार काय लावनार?" म्हणून तोही गेला. तिसरा नुसताच हसला. त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी गांगरलो आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"मी... ऑफिसला कळवीन."

म्हातारा हसायला लागला. कानावरची बिडी पडली, जाळं मांडीवरून घसरलं, तरी हसतच होता. "आगो, आयकलास का?" त्याने आत हाक मारली. "यो हापिसला कलवनार!"

आतून बाईचा आवाज आला, "मंग ठेव त्याला. बाकीचे तं कलवत पन नव्हते."

मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून माझ्यापुढे धरलं. "सही कर." कशाला, असं विचारायचं धाडस झालं नाही. सहीच्या बाबतीत मी तेव्हा भलताच शौकीन होतो. नावाच्या शेवटी लांब शेपूट काढायचो, त्याखाली दोन ठिपके. अख्ख्या ऑफिसात तसली सही दुसऱ्या कुणाची नव्हती. म्हाताऱ्याने ते पान जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं, घडी करून बंडीच्या खिशात घातलं आणि खोलीची किल्ली दिली. मला वाटलं, अडाणी माणसाला सहीचं कौतुक असतं.

त्याला गावात सगळे दादा म्हणत, तसं मीही म्हणू लागलो. बायकोला मावशी म्हणायचो. दादांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावच्या उघाडीची राखण करणारं. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरती आली की पाण्याच्या रेट्याने लाकडी झडप आपोआप मिटायची आणि खारं पाणी बाहेर अडायचं. ओहोटी लागली की झडप उघडायची आणि शेतातलं, गावातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जायचं. झडपेत चिंध्या कोंबणं, ओंडका अडकला तर काढणं, बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवणं, हे दादांचं काम. त्याबद्दल गाव त्यांना वर्षाचं भात द्यायचं. पुढे गावाची शेतंच गेली, त्यामुळे भातही गेलं. दादा मात्र रोज उघाडीवर जात राहिले.

घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढ्या एका हिशेबावर त्यांचं सगळं आयुष्य चाले. सप्तमी म्हणजे सव्वापाच, अष्टमी म्हणजे सहा. मी म्हणायचो, "दादा, चौदा तारखेला मला उशीर होईल." ते म्हणायचे, "तारीख नको सांगू. तिथ सांग." एकदा आमचे मोजणीवाले गावात येणार होते. दादांनी निरोप धाडला, पाणी उतरल्यावर या. मोजणीवाले आपल्या घड्याळाने आले आणि जीपसकट तीन तास चिखलात उभे राहिले. दादा बांधावर उकिडवे बसून त्यांच्याकडे बघत होते. मदतीला का गेला नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "त्यांचा टाइम झाला नव्हता."

मी नगर जिल्ह्यातला. पाणी वर येतं आणि खाली जातं, हे मला विहिरीपुरतंच माहीत. त्यामुळे भरती, अवस-पुनवेचं मोठं उधाण, अष्टमीचा लहानसा भांग हे सगळं मला दादांनीच शिकवलं. पण शिकवता शिकवता गाडी दर वेळी चंद्रावर जायची. चंद्र पाणी ओढतो, हे ते मान्य करत. पुढचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. इतक्या लांबून इतकं ओढतो, तर जवळ आल्यावर किती ओढेल?

त्याची त्यांनी सगळी वर्दी तयार ठेवली होती. पहिल्या महिन्यात रोजच उधाण, भांग नावालाही नाही. दुसऱ्या महिन्यात बांध गेला, मिठागरं गेली. तिसऱ्यात पाणी देवळाच्या पायरीला, होड्या देवळाच्या खांबाला. चौथ्यात जिताडा मासा स्वतःच्या पायांनी मावशीच्या चुलीपाशी. "मासलीला पाय कवापासून आले?" मावशी विचारायची. "चांद परल तवा परल. आदी वरचा कौल परलाय, तो बसव."

मावशी संकष्टीचा उपास करायची. चंद्र दिसल्याशिवाय जेवायची नाही. दादा म्हणायचे, "तूच त्याला म्हैन्याचे म्हैन्याला बलावतेस. तो येतो त्यात त्याची काय चूक?" कोजागिरीचं दूध त्यांनी कधी घेतलं नाही. ज्याचा भरवसा नाही त्याला दूध कशाला पाजायचं, असं त्यांचं म्हणणं. नारळी पौर्णिमेला मात्र सगळ्या गावाबरोबर खाडीवर यायचे. बाकीचे नारळ हात जोडून पाण्यात सोडायचे. दादा वर बघून दम भरायचे, "पुडच्या वर्सापरत तितंच राव."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. ऑफिसात डबा खाताना मी दादांच्या नकला करायचो आणि त्या चांगल्या वठायच्या. खोटं कशाला बोलू, ऑफिसात माझी जी थोडीफार वट होती ती या नकलांवरच.

एकदा मात्र त्यांनी मला उघाडीवर नेलं आणि तिचा दगडी खांब दाखवला. त्यावर छिन्नीने आडव्या रेघा मारलेल्या होत्या. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाला पाणी जिथवर चढेल तिथे रेघ, ही घराण्याची चाल. खालच्या रेघा आज्याच्या, मग बापाच्या, मग दादांच्या. सत्तर-ऐंशी वर्षांच्या रेघा वीतभर जागेत एकमेकींना खेटून होत्या. पण शेवटच्या चार-पाच रेघा त्यांना सोडून शिडीसारख्या वर चढत गेल्या होत्या.

"बग," दादा म्हणाले. "पानी वर येतंय. पानी कोन ओढतो? चांद. मंग चांद खाली येतंय का नाय?"

मी इंटर सायन्सला दोनदा गचकलो होतो, पण अडाण्यासमोर सायन्स सांगायला तेवढं पुरतं. मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि ओटीवर बसून त्यांना वाचून दाखवलं. चंद्र जवळ येत नाही, उलट दर वर्षी दोन बोटं लांब जातो. आणि आलाच जवळ, तर पृथ्वीच्या ओढीने आधी त्याचेच तुकडे होतील आणि त्यांचं कडं होऊन ते आपल्याभोवती फिरत राहील.

दादांचा चेहरा पडला. दोन दिवस खांबापाशीच बसून राहिले. मावशी माझ्यावर चिडली, "काय सांगतलंस त्याला? जेवत नाय नीट." मला वाईट वाटलं. म्हाताऱ्याचा चंद्र काढून घेऊन मला काय मिळालं? तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो तर दादा वाटेत उभे.

"तुजा पुस्तक बोलतंय चांद लांब चाललाय."

"हो."

"मंग उधान कमी यावाला पायजे. माजा खांब बोलतंय जास्ती येतंय." ते माझ्याकडे रोखून पाहत होते. "कोन तरी पानी वर ढकलतंय. चांद नाय तं मंग कोन?"

त्यांच्या पाठीमागे आमच्या ऑफिसच्या भरावाचे ट्रक एकामागून एक खाडीत माती ओतत होते. खाडी अरुंद होत चालली होती आणि तिचं पाणी जागा मिळेल तिथे चढत होतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हणालो, "दादा, बस चुकेल माझी."

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात अमेरिकेचं स्कायलॅब खाली येणार म्हणून सगळीकडे हलकल्लोळ झाला. गावात दोन-चार घरांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उगाच राहून जायला नकोत म्हणून. स्कायलॅब कुठे तरी लांब पडलं, कोंबड्या तेवढ्या गेल्या. दादांना मात्र नवा हुरूप आला. "तो परलाच ना? शिकलेल्यांनी टाकला व्हता, तरी परला. चांद तं कोनी बांदलेला पन नाय." त्याच संध्याकाळी मला समोर बसवून म्हणाले, "लिव. अर्ज लिव. तुज्या हापिसला."

मी हौसेने लिहिला. ऑफिसची भाषा मला येत होती आणि उद्या डब्याच्या वेळी काय धमाल येईल ते डोळ्यांपुढे दिसत होतं. "विषय: चंद्र खाली आल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, चंद्र खाली येत असल्याने भरतीचे पाणी वाढत आहे. चंद्र आणखी खाली आल्यास आमच्या गावाची उघाडी हीच एक वाट राहील. तरी सदर उघाडीवर भराव टाकू नये. टाकावयाचा झाल्यास चंद्र खाली येणार नाही असे आपल्या कार्यालयाने लेखी द्यावे." शेवटचं वाक्य दादांनी तीनदा वाचून घेतलं. "लेखी" हा शब्द त्यांना फार आवडला. मग त्यांनी खाली आपलं नाव गिरवलं, एकेक अक्षर जाळ्याच्या गाठीसारखं घट्ट.

दुसऱ्या दिवशी ऑफिस अर्धा तास बंद पडलं. हेडक्लार्कने अर्ज टेबलावर उभं राहून वाचला. टायपिस्ट मुलींनी पदर तोंडात कोंबले. हसण्याचा आवाज ऐकून साहेब केबिनबाहेर आले आणि त्यांनी कागद हातात घेतला. आमचे साहेब मोठे सज्जन. आयुष्यात एकदाही हसले नव्हते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "टिप्पणी ठेवा."

हेडक्लार्कचं हसू मावळलं. "यार, हे कुठच्या हेडखाली टाकू? बांध, नाला, उघाडीवाले अर्ज आले की दप्तरी दाखल, विषय खलास. पण चंद्र? चंद्राचं हेडच नाय आपल्याकडे. तू लफडं आणलंस, तूच निस्तर."

नियम असा होता की अर्जातला विषय आपल्या अखत्यारीतला नसेल, तर तो ज्याचा असेल त्या खात्याचा अभिप्राय मागवायचा, आणि अभिप्राय येईतो प्रकरण प्रलंबित. मी अभिप्राय मागवला. पहिल्या खात्याने कळवलं, आमच्याकडे पाऊस आहे, चंद्र नाही. दुसऱ्याने कळवलं, भरती आमची, पण ती चंद्र आहे त्या जागी आहे असं धरून. चंद्र हलवायचा झाल्यास वर विचारावं. वर विचारलं. वरून कळवलं, यापूर्वीचा पत्रव्यवहार जोडावा. अर्जाची फाइल झाली, फाइलचा गठ्ठा झाला. आणि नकाशावर उघाडीच्या जागी साहेबांनी लाल पेन्सिलने गोल करून लिहिलं, "प्रलंबित". लाल गोलात ट्रक जायचा नाही, हा ठेकेदाराला सक्त हुकूम.

पुढे आजूबाजूचा सगळा बांध भरावाखाली गेला. शेजारच्या गावाची उघाडी एका आठवड्यात बुजली. आमची तेवढी राहिली. तिच्यापासून खाडीपर्यंतचा नाला दोन्हीकडच्या ढिगाऱ्यांच्या मधोमध उघडा होता. दादा रोज जाऊन झडपेत चिंध्या कोंबायचे. मी रोज संध्याकाळी गठ्ठ्याची प्रगती सांगायचो. "आता कुटं गेला?" "दिल्लीला, दादा." "चांद दिल्लीलाच परल," असं म्हणून ते खूश व्हायचे.

तीन पावसाळे असे गेले. चौथ्या वर्षी श्रावण अमावास्येच्या आदल्या रात्रीपासून धुवांधार लागला. सकाळी दादा म्हणाले, "अवस हाय. सव्वाअकराला पानी पुरा चढंल, बारापरत उतरनार नाय. कामाला नको जाऊ." मी थट्टेने म्हणालो, "अमावास्येला तर चंद्रच नसतो, दादा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्या बोलण्याचं हसू आलं नाही. मी गेलो नाही.

खाडी चढू लागली. झडप धाडकन मिटली आणि सव्वाअकराला बाहेर पाणी खांबाच्या शेवटच्या रेघेवरून वर गेलं. आतून डोंगराकडचा पाऊस गावात उतरत होता, त्याला जायला वाट नव्हती. ओटी बुडाली, चूल बुडाली, मावशी भाताचं पातेलं घेऊन माळ्यावर चढली. आम्ही वीसेक माणसं बांधावर उभे होतो. दादा छातीभर पाण्यात, झडपेला खांदा लावून. एक ओंडका वाहत येऊन चौकटीत आडवा बसला होता. तो निघाला नसता तर ओहोटीलाही झडप उघडली नसती. कुणी तरी ओरडलं, "दादूस, सोड, वर ये!" दादांनी ऐकलं नाही. मग आम्ही चौघे उतरलो. मला पोहता येत नव्हतं, हे मला पाण्यात उतरल्यावर आठवलं. दादांनी माझा शर्ट मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने ओंडका ओढत राहिले.

तो निघाला तेव्हा साडेबारा वाजून गेले असतील. थोड्या वेळाने खाडी उतरायला लागली, झडप कुरकुरली आणि हळूहळू उघडली. गावातलं सगळं पाणी त्या एवढ्याशा दारातून खाडीकडे धावलं. चार वाजेपर्यंत ओट्या दिसू लागल्या. बुजलेल्या उघाडीचं शेजारचं गाव तीन दिवस पाण्यात होतं. तिथली लहान मुलं आणि म्हातारी माणसं होडीतून आमच्याकडे आणली. मावशीने त्यांना माळ्यावरचा भात वाढला.

त्या संध्याकाळी मी ओल्या ओटीवर बसलो होतो. मनात भारी वाटत होतं. म्हटलं, "दादा, काय डोकं आहे तुमचं! चंद्राच्या नावाने गाव वाचवलंत. पण खरं सांगा, चंद्र पडणार असं तुम्हाला खरंच वाटतं?"

दादांनी बिडी पेटवायचा प्रयत्न केला. काड्या ओल्या होत्या. "चांद परल का नाय, मना काय ठावं. पान्याचा ठावं व्हता." ते उठून आत गेले आणि देवाच्या तसबिरीमागून प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. ती तेवढी कोरडी राहिली होती. "पान्याचा अर्ज मी तीनदा केला. कोनी वाचला नाय. चांदाचा यकदा केला, सगल्यांनी वाचला."

पिशवीत तीन पोचपावत्या होत्या, मी त्यांच्याकडे खोली मागायला जाण्याआधीच्या वर्षातल्या. विषय: गावची उघाडी न बुजवण्याबाबत. विषय तोच, दुसऱ्यांदा. विषय तोच, तिसऱ्यांदा. तिन्हींवर आमच्या ऑफिसचा शिक्का आणि शिक्क्याखाली सही. लांब शेपूट, त्याखाली दोन ठिपके. तिन्ही अर्ज मी मान वर न करता घेतले होते, मीच ते न वाचता दप्तरी दाखल व्हायला आत ढकलले होते. त्यांच्यासोबत कॅलेंडरचं घडी केलेलं पान होतं. त्यावरही तीच सही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या माणसाला माहीत होतं. मला घरात घेतलं, मावशीच्या हातचं खाऊ घातलं, भरती-ओहोटी शिकवली, दुपारी पाण्यात माझा शर्ट धरून ठेवला. इतक्या वर्षांत एकदाही शब्द काढला नाही. आणि मी डब्याच्या वेळी त्यांच्या नकला करत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"दादा, तुम्ही मला त्याच दिवशी हाकलून का नाही दिलंत?"

दादांना अखेर एक कोरडी काडी सापडली. बिडी पेटवून त्यांनी एक झुरका घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हाकलला असता तं हापिसला कलवला कोनी असता?"